चौदा खुणा

मास्तरांची नोकरी माझ्या एका अक्षरामुळे गेली. हात सवयीने गेला, चूक झाली, असं मी म्हणू शकते, आणि ते पहिल्या काही मिनिटांपुरतं खरंही आहे. त्यापुढचं सगळं मी समजून-उमजून केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासाठी सबबी शोधायची तसदी कुणाला पडायला नको.

आमची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. दहा माणसं, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. रक्ताच्या पिशवीवरचं लेबल, कोणत्या गटाचं रक्त कुणाला चालतं ते जुळवणं, मुदत संपलेली पिशवी कपाटातून काढायची सूचना, हे सगळं आमच्या प्रोग्राममधून व्हायचं. थोरले साहेब आणि मास्तर यांनी मिळून ते सुरू केलं होतं. थोरले साहेब विकायचे, मास्तर लिहायचे. थोरले साहेब गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. त्याला रक्त नुसतं दिसलं तरी घेरी यायची, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही, एका रक्तपेढीत तो खरोखर आडवा झाला होता. चार वर्षं त्याने कशीबशी ढकलली आणि कंपनी विकायला काढली.

मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. वय सत्तावन्न. खिशाला कायम दोन पेनं, त्यातलं एकही उठत नसे. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते चालायचं कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की त्याच महिन्याअखेर विमा बंद. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला जरा जास्तच माहीत होतं, कारण मंगळवारी संध्याकाळी काकूंना आणायला मीच मास्तरांना स्कूटरवरून हॉस्पिटलपर्यंत सोडायचे. मागे बसून ते सगळा रस्ता बोलत राहायचे आणि हेल्मेटमुळे मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मी आपली मान हलवायचे.

मी तिथे लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मला जे येतं ते मास्तरांनी शिकवलेलं. हे वाक्य मी कधी कुणासमोर मोठ्याने म्हटलं नाही, कारण ते म्हणायला मास्तर होतेच. नवं गिऱ्हाईक आलं, नवा माणूस आला, चहा द्यायला पोऱ्या आला तरी, "ही माझी विद्यार्थिनी बरं का." चाळिशीला आले तरी मी विद्यार्थिनीच. माझ्या खांद्यावरून पडद्यावर डोकवायचे, सगळ्यांसमोर म्हणायचे, "पोरी, घाई नडते तुझी." प्रेमाने म्हणायचे, ते मला कळत होतं. प्रेमाने म्हणायचे म्हणूनच उलटून बोलता येत नसे, आणि त्याचा राग मी एकोणीस वर्षं गिळत होते.

त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं ते शोधायला. आमच्याकडे फायली हजारोंनी, फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. एखादा शब्द नेमका कुठे लिहिलाय हे डोळ्यांनी बघायला गेलं तर केस पांढरे होतील. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, त्यात तो शब्द द्यायचा आणि सोबत एक 'आर' घालायचा. आर घातला की यंत्र फोल्डरमागून फोल्डर उघडत तळापर्यंत उतरतं आणि तो शब्द जिथे जिथे असेल ती प्रत्येक ओळ समोर आणून टाकतं. "आता नीट ऐक," मास्तर म्हणाले होते. "आर दोन आहेत. छोटा आर प्रत्येक दार उघडून आत जातो. पण दारावर 'बिऱ्हाड शेजारी हलवलं आहे' अशी पाटी दिसली की तिथूनच माघारी फिरतो. मोठा आर पाटी वाचून शेजारीही जाऊन येतो. कोणता कधी घालायचा हे ज्याला कळलं, त्याला घर कळलं."

दुसरी गोष्ट त्यांनी लावून दिली होती ती खुणेची. ज्याने प्रोग्रामचा जो तुकडा लिहिला त्याने त्याच्या डोक्यावर आपली तीन अक्षरी खूण आणि तारीख टाकायची. उद्या काही बिनसलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. कोणती फाईल कुणी कधी बदलली याची नोंद इतर कंपन्यांत आपोआप राहते. आमच्याकडे ती सोय फार उशिरा आली, आणि आली तेव्हा आधीचं सगळं एका दिवसात थोरल्या साहेबांच्या नावावर चढवलं गेलं. म्हणजे जुनं कुणी लिहिलंय हे सांगायला खुणांशिवाय काही नव्हतं. मास्तरांची खूण त्यांच्या नावावरूनही नव्हती, त्यांच्या शाळेच्या नावाची तीन अक्षरं होती ती.

कंपनी विकत घेणाऱ्यांनी एक माणूस पाठवला. त्या उकाड्यात तो टाय लावून आला, म्हणून त्याचं नाव टायवाला. सहा माणसं ठेवायची आणि चार कमी करायची, एवढं तो ठरवूनच आला होता. कोणती सहा, तेवढं त्याला कळत नव्हतं. धाकट्या साहेबांना तर त्याहून कळत नव्हतं.

"त्या खुणा आहेत ना तुमच्या," टायवाला म्हणाला. "त्या मोजता येतील का? कुणाच्या किती?"

"मोजता येतील की," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. "येतील ना?"

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले. मला मिरवायचं होतं.

"मग झालं तर. आकडा आला की वादाला जागाच राहत नाही."

मी जागेवर येऊन ओळ लिहिली. छोटा आर घातला. मी नेहमी छोटाच घालायचे, कारण मोठा घातला की तो जुन्या स्कॅन केलेल्या कागदांच्या ढिगातही शिरायचा आणि अर्धा अर्धा तास बाहेर यायचा नाही. दहा खुणा, दहा आकडे. मी त्यांची उतरती यादी केली, आणि मास्तरांच्याच नियमाप्रमाणे यादीच्या डोक्यावर ज्या ओळीने ती काढली ती ओळही चिकटवली.

सगळ्यात वर मी होते, दोन हजार एकशे चाळीस. सहावा माझा नवरा, तीनशे अठ्ठ्याऐंशी. सगळ्यात खाली मास्तर. चौदा.

मला हसूच आलं आधी. मास्तर आणि चौदा? मग लगेच लक्षात आलं. रक्त जुळवायचा जो सगळा गाभा, ज्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, तो फोल्डर आता त्या जागी नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी डिस्क भरली तेव्हा तो दुसऱ्या डिस्कवर हलवून मूळ जागी नुसती लिंक ठेवली होती. म्हणजे दारावरची ती पाटी. आणि ती पाटी लावणारी मीच होते. छोटा आर तिथवर गेला, पाटी बघितली आणि माघारी फिरला. मास्तर गेली कित्येक वर्षं गाभ्यातच काम करत होते, बाहेर कुठे कुणाला मदत केली असेल तेवढ्या या चौदा.

एक अक्षर बदलायचं होतं. अर्धा तास थांबायचं होतं. बोटं त्या अक्षरावर गेलीही होती.

पण मी यादी पुन्हा वाचली. मास्तर वर चढले की सगळे एकेक पायरी खाली येणार. सहावा सातवा होणार.

नवरा माझा वाईट नाही. कामात मध्यम आहे, इतकंच. त्याच्या आधीच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा तो सव्वा वर्ष घरी होता. पहिले तीन महिने तो रोज दाढी करायचा. मग एक दिवसाआड. मग मुलगी शाळेतून आली की तिला दार उघडायलाही उठेनासा झाला. सासूबाई त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, फक्त त्याचं ताट वाढताना भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून इतकं जपायच्या की मला ओरडावंसं वाटायचं. शेवटी मी थोरल्या साहेबांच्या हातापाया पडून त्याला आमच्याकडे चिकटवला. त्याला काम येतं का हे मास्तरांनी तपासलं होतं. बाहेर येऊन मला म्हणाले होते, "चालेल. मी बघून घेईन त्याच्याकडे." आणि बघितलंही त्यांनी. त्याच्या तीनशे अठ्ठ्याऐंशीमधल्या निम्म्या तरी मास्तरांनी शेजारी बसून करून घेतलेल्या होत्या.

ते सव्वा वर्ष मला पुन्हा नको होतं. काकूंचं डायलिसिस मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. माझ्या घरापुढे ते मला लहान वाटलं.

मोठा आर मी घातलाच नाही. खरा आकडा पाहिला असता तर तो मला माहीत झाला असता, आणि मग तो लपवावा लागला असता. न पाहिलेलं लपवावं लागत नाही, अशी मी माझी समजूत घातली. यादी जेवायच्या सुट्टीच्या आत साहेबांना पाठवली. दुपारभर वाटत होतं कुणीतरी विचारेल. मग मी सांगेन, अरे हो, राहिलंच की. कुणी विचारलं नाही.

साहेबांनी मला आत बोलावलं तेवढं एकदा.

"मास्तर चौदा?"

"आकडा तोच आलाय."

"मला वाटलं होतं, बाबांबरोबर सगळं त्यांनीच..." ते यादीकडे बघत राहिले. मास्तरांच्या मांडीवर बसून त्यांनी पाढे पाठ केले होते, असं थोरले साहेब सांगायचे. "पण आकडा आकडा असतो, नाही का?"

"हो."

"म्हणजे हे मी करत नाहीये. आकडा करतोय." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं दिसलं. मी पाणी प्यायले आणि बाहेर आले.

शुक्रवारी सकाळी चौघांना पत्रं मिळाली. पत्र हातात पडायच्या आधीच चौघांचे पासवर्ड बंद झाले होते. टायवाल्याने ते मलाच करायला लावलं होतं, कारण ते मला येत होतं. बाकीच्यांनी खाली माना घातल्या. यादीत काहीतरी घोळ आहे हे आणखी दोघांना तरी नक्की कळलं असणार. पण ज्यांना कळत होतं ते वरच्या सहांत होते.

मास्तर माझ्या टेबलापाशी आले तेव्हा अकरा वाजले असतील. हातात पत्र, चष्मा कपाळावर. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी पण ओरडले असते, आणि कदाचित त्या ओरडण्यात खरं बाहेर पडलं असतं.

"पोरी, बसू का जरा?"

"बसा ना मास्तर."

ते बसले. पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "साहेब म्हणाले चौदा आल्या."

"हो."

"मी म्हटलं, तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार. पण चौदा म्हणजे..." ते थांबले. समोर माझा नवरा पडद्यामागे बसला होता, त्याच्या टायपिंगचा आवाज बंद झाला. "मोठा आर घातला होतास ना गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नजर चुकवली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"घातला होता."

यादी साहेबांच्या टेबलावर होती आणि तिच्या डोक्यावर छोटा आर छापलेला होता. ते आत जाऊन ती मागू शकत होते. माझ्याकडेच मागू शकत होते. त्यांनी मागितली नाही. मला शिकवलेलं पुन्हा तपासायची त्यांना गरज वाटली नाही.

"मग बरोबर," ते म्हणाले. मग स्वतःशी हिशेब मांडावा तसं बोलायला लागले. "म्हणजे पोरांनी गाभा परत लिहून काढला असणार. थोडा थोडा करून. माझ्या लक्षात नाही आलं. मी आपला रोज उघडतो, दुरुस्त करतो, मला वाटतं माझंच आहे. बघ ना, रोज उघडतो आणि खुणा बदललेल्या मला दिसू नयेत? डोळे गेले की डोकं?"

"असं होतं मास्तर."

"नाही, नाही, चांगलं आहे ते. जुनं काढून नवं लिहायलाच हवं." त्यांचा आवाज बारीक झाला. "फक्त बावीस वर्षं मी हिला घरी सांगत आलो ना, की माझ्यावाचून रक्ताची एक पिशवी हलत नाही म्हणून. ती त्या खुर्चीत पडलेली असते, बाजूच्या पलंगावर कुणाला रक्त चढत असतं, मी म्हणतो, बघ, हे लेबल माझं. ती तिथल्या नर्सनाही सांगते."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या पडद्याकडे बघितलं.

"एकदा गाभा उघडून दाखवतेस? नुसतं बघतो. काही उरलंय का माझं."

उघडला असता तर पहिल्याच फाईलच्या पहिल्याच ओळीवर त्यांची तीन अक्षरं होती.

"नाही दाखवता येणार मास्तर. तुमची परवानगी सकाळीच बंद झालीय. टायवाल्याने बजावलंय, बाहेरच्या कुणाला पडदा दाखवायचा नाही."

'बाहेरच्या' हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यांना तिथून उठवायचं होतं, आणि त्याने ते उठतील हे मला माहीत होतं. ते उठले.

"बरोबर आहे. नियम तो नियम." खुर्ची त्यांनी होती तशी आत सरकवली. "नवऱ्याचं राहिलं ना तुझ्या? बरं झालं. मला तीच काळजी होती."

दारापर्यंत गेले, खिशातली दोन पेनं काढून शिपायाच्या टेबलावर ठेवली, कंपनीची होती म्हणून. मी पडद्याकडे वळले आणि काहीतरी टाइप करत बसले.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "तू खरंच मोठा घातला होतास?"

"का? तुला छोटा हवा होता?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. आमचं बरं चाललंय.

महिन्याभराने मास्तरांचा फोन आला. आवाज बरा होता, मुद्दाम बरा केलेला. तीनचार ठिकाणी जाऊन आले होते. "आधी काय केलंत विचारतात. मी म्हणतो, पूर्वी केलं होतं बरंच, आता त्यातलं फारसं उरलेलं नाही. खोटं कशाला सांगायचं? मग ते वय विचारतात." मी विचारलं, काकू कशा आहेत. "आता तीनऐवजी दोनदाच नेतो. डॉक्टर म्हणाले, सूज वाढली तर बघू. पाय सुजतात जरा. पण ती काही बोलत नाही." मग म्हणाले, कुठे काही कानावर आलं तर सांग. मी म्हटलं, सांगते ना. फोन ठेवला आणि मला त्यांचाच राग आला. इतक्या सहज विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नवीन मालकांनी आम्हा सहा जणांना आपल्या इमारतीत हलवलं. आठवा मजला, काचेच्या भिंती, न उघडणाऱ्या खिडक्या. टायवाला तिथून दुसऱ्याच कुठल्या कंपनीवर बसायला गेला होता. आमच्यावर आल्या नव्या बाई. हुशार, स्पष्ट, आणि काम येणाऱ्या. जुनी माणसं कोण होती, कोण गेलं, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी पहिल्या पंधरवड्यात आमची सगळी रद्दी आपल्या मोठ्या डिस्कवर एका जागी आणली. लिंका गेल्या. गाभा आपल्या मूळ जागी येऊन बसला. आता छोटा आर घातला तरी तो सापडणार होता.

एका सकाळी बाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "या खुणा काढून टाकू या. शाळेतल्या बाकावर नावं कोरल्यासारखं दिसतं सगळीकडे. पण पुसायच्या आधी कुणाच्या किती ते एकदा मोजा. मला नोंद ठेवायची आहे."

त्या बघत होत्या. मी ओळ लिहिली आणि बटण दाबलं. आकडे आले. माझे तेवढेच, नवऱ्याचे तेवढेच. आणि सगळ्यात वर तीन अक्षरं, त्यांच्यापुढे सहा हजार तीनशे अठरा.

मी तो आकडा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाई पडद्याजवळ सरकल्या.

"हे कोण?"

"होते एक. जुने."

"जुने कसले, निम्म्याहून जास्त यांचंच आहे. हे रक्त जुळवायचं सगळं यांनी लिहिलंय का?" त्यांनी दोन फायली उघडल्या, वर-खाली केल्या. "मी आठवडाभर यातच अडकलेय हो. इतकं नेटकं लिहिलंय की हात लावायची भीती वाटते. कुठे असतात हे? आपण त्यांना बोलावून घेऊ. वय झालं असेल तर घरून करू देत. मी उद्याच्या उद्या मंजूर करून घेते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरेसं होतं. फोन नंबर मला पाठ होता. मास्तर आले असते, दुसऱ्या दिवशीच आले असते, आणि आठवडा संपायच्या आत काकू पुन्हा तीनदा जायला लागल्या असत्या.

पण मास्तर आले असते तर कधीतरी चहा पिताना म्हणाले असते, माझ्या तर चौदाच निघाल्या होत्या. बाईंनी विचारलं असतं, कुणी मोजल्या? कागद कंपनीच्या दफ्तरात आहे, डोक्यावर ओळ आहे, आणि बाईंना दोन आरमधला फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही.

"वारले ते," मी म्हणाले.

"अरेरे." बाई मागे टेकल्या. "कधी?"

"झाले दोन महिने."

"आजारी होते?"

"नाही. अचानकच."

समोर नवऱ्याने मान वर केली. आमची नजरानजर झाली. तो उठला आणि पाणी आणायला गेला. त्याची बाटली टेबलावर भरलेली होती.

"घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"बायको. त्या आजारी असतात."

बाईंनी उघडलेल्या दोन्ही फायली बंद केल्या. मग म्हणाल्या, "पुसा आता." मी पुसायची ओळ लिहिली. यंत्र सगळ्या फोल्डरांतून तळापर्यंत उतरलं आणि वर आलं, अकरा सेकंद लागले. बाईंनी खात्री म्हणून पुन्हा मोजायला लावलं. प्रत्येकापुढे शून्य आलं, माझ्यापुढेही.

संध्याकाळी घरी निघताना बाईंनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. कंपनीच्या कागदावर त्यांनी स्वतः काकूंना पत्र लिहिलं होतं, बंद करायच्या आधी एकदा वाचून बघा म्हणाल्या. आपले यजमान आता आपल्यात नाहीत हे कळून फार वाईट वाटलं. त्यांनी लिहिलेल्या सहा हजार तीनशे अठरा तुकड्यांवर आजही दीडशे रक्तपेढ्या चालतात. त्यातला एकही आम्हाला बदलावा लागलेला नाही. खाली सही आणि शिक्का.

"पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. मी टाकते पोस्टात."

ते पत्र माझ्या खणात आहे, कुलपात. मास्तरांचा फोन अधूनमधून येतो. बाई शेजारीच बसतात, म्हणून मी तो उचलत नाही.